मी फक्त घड्याळ बरोबर केलं

…नाही, उशीर झाला हे मला मान्य आहे हो, पण केला कुणी? मी केला का? ती दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी बघा कशी, मान वर न करता म्हणते, 'ताई, तुमचा नंबर केव्हाच गेला, आता सगळ्यांच्या शेवटी.' गेला! जसा काही नंबर स्वतःच्या पायांनी चालत गेला! जरा सरकता का मावशी, ही आमची ठमी मांडीवर झोपलीय, पाय लागेल तुम्हाला… हां, बास, एवढं पुरे. तुम्हाला सांगते, मी उशीर करणाऱ्यातली बाईच नाही. डॉक्टरांनी औषधाचे थेंब दोन वाजता सांगितले तर मी पावणेदोनपासून चमचा हातात धरून उभी असते. पहिलंच लेकरू, त्यात हिची छाती घरघरणारी, थेंब चुकले तर? दोनदा दिले गेले तर? कमी पडले तर? वेळेच्या बाबतीत मी अशी, आणि आज आमच्याच घरातलं घड्याळ तासभर मागे, आणि त्याला हात लावायची घरात एकाची हिंमत नाही! का? तर म्हणे मी एकदा घड्याळ बरोबर केलं होतं. एकदा म्हणजे… बरेचदा. पण तुम्हीच सांगा, चुकलेलं घड्याळ दिसलं तर माणूस काय करतो? बरोबर करतो ना? मग!

थांबा, मुळापासून सांगते. तसाही नंबर शेवटचाच आहे.

आमचे हे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. म्हणजे कॉम्प्युटर बनवत नाहीत, विकतही नाहीत. कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो म्हणे, पडद्याला काम सांग, आवाजाला काम सांग, कोण रिकामं बसलंय ते बघ, कोण भांडतंय ते सोडव… त्याला हे लोक कर्नेल म्हणतात. तर त्या कारभाऱ्याची तब्येत बघणं हे ह्यांचं काम. घरूनच. आतल्या खोलीत, दार लावून. इतकं दार लावून की संध्याकाळी बाहेर आले की ठमी त्यांना बघून भोकाड पसरते, कोण हा परका माणूस म्हणून!

एक दिवस कंपनीकडून खोक्यातून एक मशीन आलं. मांडीवर घेता येतं ना, तसलं, झाकणाचं. दिसायला अगदी धडधाकट. मी विचारलं, 'ह्याला काय झालंय?' तर म्हणाले, 'ह्याला झोपवलं की हे मरतं.'

मी म्हटलं, 'अगंबाई!'

अहो, माझ्या डोक्यात दिवसभर झोप, श्वास, छाती हेच, आणि हा माणूस मला सांगतो झोपवलं की मरतं! मग त्यांनी समजावलं, की झाकण मिटलं की मशीन झोपतं आणि उघडलं की उठतं, सगळ्यांची मशीनं तशी झोपतात उठतात, पण ह्या जातीची मशीनं मधूनच झोपतात ती उठतच नाहीत. पडदा काळा ठिक्कर, आत पंखा घरघर घरघर, अंग तापलेलं, आणि कितीही हाका मारा, ओ नाही. लोकांनी हौसेने घेतलेली मशीनं, त्यांचं अर्धं लिहिलेलं काम सगळं बुडतं, आणि ते कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. 'पण कधी मरतं?' मी विचारलं. 'तेच तर कळत नाही ना!' हे म्हणाले. 'ऑफिसात शंभरदा झोपवलं, शंभरदा उठलं. लोकांच्या घरीच मरतं. म्हणून घरात ठेवायचं.'

आणि ठेवलं कुठे? जेवणाच्या टेबलावर! आतल्या खोलीत आधीच चार मशीनं, उभं राहायला जागा नाही. मला म्हणाले, 'तू असं कर, येता-जाता झाकण मिटव, थोड्या वेळाने उघड. नाही उठलं तर हे बटण दाबून धर, बंद पडलं की परत दाब, आणि सुरू झालं की मला हाक मार.' म्हणजे बघा, एक झोपवायला आहेच, त्यात हे दुसरं! पण मला खरं सांगायचं तर आवडलं हो. सातवीनंतर मला कुणी काही जबाबदारीचं काम दिलंच नव्हतं, भांडी सोडून. आणि माझा फोन ठमीने बादलीत बुडवलेला, वेळ बघायचे वांधे, म्हणून ह्यांनी त्या मशीनच्या पडद्यावर हे एवढं मोठं घड्याळ लावून दिलं. तारीख, साल, वार सगळं. पहिल्या दिवशी वेळ थोडी चुकलेली होती, तर माझ्याकडूनच बरोबर करून घेतली. इथे दाब, तिथे दाब, हा काटा असा, झालं! कॉम्प्युटरमधलं मला येणारं एवढं एकच काम, आणि तेही ह्यांनीच शिकवलेलं. हे लक्षात ठेवा. ह्यांनीच!

मग त्या दिवशी जेवताना मला सगळं नीट सांगायला बसले. ताट बाजूला, चमचे ओळीने मांडले. 'समज, घरातली सगळी झोपायला निघाली. कारभारी एकेकाला झोपवतो. हा पडदा, झोप. हा आवाज, झोप. हा कॅमेरा, झोप. सगळी झोपली की शेवटी स्वतः झोपतो. आता ह्यातल्या कुणा एकाला झोपवताना तो कारभारीच चक्कर येऊन पडतो. पण कुणाला झोपवताना? ते कळणार कसं? पडदा तर आधीच झोपलेला! म्हणजे दिवा आधी विझवलाय आणि मग अंधारात कुणीतरी धप्पकन पडलंय. आवाज आला, पण कोण पडलं, कुणाच्या पायात पाय अडकून पडलं, दिसत नाही.' मी म्हटलं, 'मग लिहून ठेवायला सांगा ना त्याला.' तर चमचा उंचावून म्हणाले, 'शाब्बास! पण लिहिणार कुठे? वही-पेनही झोपलेलं असतं. मग आम्ही काय केलं माहितीये—'

आणि फोन वाजला.

त्या फोनने घात केला बघा. हे उठून आत गेले, दार लागलं, आणि ते अर्धं वाक्य तसंच चमच्यांबरोबर टेबलावर पडून राहिलं. मी चमचे धुतले आणि विसरले.

पुढे चार-आठ दिवस मशीन गुण्यागोविंदाने झोपलं, उठलं. मी तर त्याला थोपटायचेसुद्धा. आणि एका दुपारी ठमीला झोपवून बाहेर येते, झाकण उघडते, तर… काळं! पंखा घरघर! अंग हे एवढं तापलेलं! पण मी घाबरले नाही, म्हणजे घाबरले, पण बटण दाबून धरलं. बंद झालं. परत दाबलं. सुरू झालं. आणि समोर ते मोठ्ठं घड्याळ आलं, आणि त्यावर… रात्रीचे पावणेदोन!

बाहेर लख्ख ऊन, समोरच्या गच्चीवर कपडे वाळतायत, आणि रात्रीचे पावणेदोन! बरं, साल बघते तर अजून सतरा वर्षांनंतरचं! थंडीचा महिना. आता माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल सांगा? की मी बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं! इतकं जास्त, की सतरा वर्षं पुढे गेलं! आणि दुसरं काय आलं? की सतरा वर्षांनी म्हणजे ठमी अठरा वर्षांची! थंडीत, रात्री पावणेदोनला… ही पोरगी घरी आली असेल का? स्वेटर घातला असेल का? कुणाबरोबर गेलीय? दुचाकीवर तर नाही ना बसली कुणाच्या मागे? मी तिथल्या तिथे खुर्चीत बसले हो! आत ही पाळण्यात अंगठा चोखत झोपलेली, आणि बाहेर मी तिची रात्रीची वाट बघतेय!

आणि बाहेरच्या खोलीत सासूबाई. त्यांना कळलं असतं तर? आधीच त्यांचं म्हणणं, 'ऑफिसचं मशीन, आणि दिलंय कुणाच्या हातात? जिला टीव्हीचा रिमोट उलटा धरायची सवय आहे तिच्या!' एकदा धरला होता मी उलटा. एकदाच! बाळंतपणातून उठले होते तेव्हा.

तर मी म्हटलं, ह्यांना हाक मारायच्या आधी हे निस्तरावं. पाहुणे दारात यायच्या आधी आपण पसारा आवरतो की नाही? तसंच. पण बरोबर वेळ कुठून आणायची? तर आमच्या समोर केस कापायचं दुकान आहे, त्याच्या भिंतीवर मोठं घड्याळ. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून वाकलं की दिसतं. वाकले, बघितलं, पळत आले, इथे दाबलं, तिथे दाबलं, साल मागे, महिना मागे, काटा जागेवर. झालं! मग हाक मारली, 'अहो, या! मेलं होतं, उठवलं!'

हे धावत आले. पहिल्यांदा बघितलं काय? घड्याळ! मी मनात म्हटलं, बघा, नशीब आवरून ठेवलं! तारीख बघितली, साल बघितलं, आणि तोंड एवढंसं करून म्हणाले, 'छे! काहीच नाही.' मी म्हटलं, 'काहीच नाही म्हणजे बरंच आहे ना?' त्यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते मशीन आहे.

बरं, हे एकदा झालं का? दर दोन-तीन दिवसांनी! दुपारचं मी उघडते, काळं. बटण, बंद, बटण, सुरू, आणि समोर तीच रात्र! तेच साल, तोच महिना, तेच पावणेदोन! आता दर वेळी वेगळी तारीख आली असती तर मी म्हटलं असतं बटणाचा दोष. पण तीच? दर वेळी तीच? ही काय सूचना आहे का? त्या रात्री काही होणार आहे का? मी ठमीकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, बाई गं, त्या दिवशी तू घरातच बस, परीक्षा असली तरी बस. आणि लगेच खिडकीत वाकायचे, केस कापायच्या दुकानात डोकवायचे आणि घड्याळ बरोबर करायचे. सासूबाई मागून म्हणायच्या, 'सारखी सारखी त्या दुकानात काय बघतेस गं? एवढं काय सोनं कापतायत तिथे?' मी काय सांगणार? सतरा वर्षांनंतरची रात्र आवरतेय म्हणून? तुम्हीच सांगा मावशी, चुकलेलं घड्याळ दिसलं तर माणूस काय करणार? पूजा घालणार का त्याची?

इकडे ह्यांची तब्येत उतरायला लागली. रोज येणार, घड्याळ बघणार, 'काहीच नाही' म्हणणार, जाणार. चहात साखर घातलीय की नाही हेही कळेना. ठमी रडली तर म्हणायचे, 'तिला परत सुरू कर.' आणि त्यांचे साहेब! त्यांचा आवाज मी दाराला कान लावून ऐकायचे. फार गोड माणूस, अजिबात ओरडत नाहीत, हळूहळू, लोणी लावल्यासारखं बोलतात, आणि प्रत्येक वाक्यानंतर, 'बघू या आपण.' 'म्हणजे कारभारी अगदी सुरुवातीलाच पडतो म्हणता? लिहायच्याही आधी? मग सुरुवातीचा सगळा भागच पुन्हा लिहावा लागेल. बघू या आपण.' ह्यांनी तो सगळा भाग पुन्हा लिहिला! आठवडाभर मान वर नाही. मशीन पुन्हा मेलं. मग साहेब म्हणाले, 'घरून जमत नाहीये बहुतेक. असं करू, या शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर तुम्ही इकडेच या. सहा-आठ महिने इथल्या प्रयोगशाळेत बसून शांतपणे शोधू. बघू या आपण.'

बघू या आपण! तुमचं काय जातंय बघायला? इकडे म्हणजे कुठे, तर अख्ख्या दिवसाच्या प्रवासाइतकं लांब! सहा-आठ महिने! तेवढ्यात ठमी चालायला लागेल, बोलायला लागेल, आणि हिची छाती घरघरली तर रिक्षा कोण आणणार? सासूबाई म्हणाल्या, 'जाऊ दे त्याला, नोकरी आहे.' पण माळ्यावरची बॅग खाली काढली तेव्हा तोंड फिरवून उभ्या राहिल्या. आणि ठमी त्या उघड्या बॅगेत जाऊन बसली. ह्यांचे शर्ट बाहेर फेकायची आणि स्वतः आत बसायची. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी. आणि त्याही दिवशी दुपारी मशीन मेलं, आणि त्याही दिवशी मी काय केलं? खिडकी, दुकान, घड्याळ. बरोबर! म्हटलं, ह्यांना आधीच एवढा त्रास, त्यात सतरा वर्षं पुढे गेलेलं मशीन कशाला दाखवा?

आणि उजाडला तो शुक्रवार.

दुपारची वेळ. हे आत साहेबांशी बोलतायत, कानावर तो मोठा हेडफोन. मी ठमीला खांद्यावर घेऊन वाफ देतेय, तिची छाती वाजतेय, मी जागची हलू शकत नाही. थेंबांची वेळ झाली असेल म्हणून मी सासूबाईंना म्हटलं, 'आई, जरा घड्याळ बघता का?' आई उठल्या, झाकण उघडलं. काळं. मी ओरडले, 'राहू द्या, राहू द्या, मी येते!' पण त्या ऐकतायत होय! 'मला काय बटण दाबता येत नाही?' म्हणत दाबलं की हो! बंद झालं, परत दाबलं, सुरू झालं, आणि अशी किंकाळी… अशी किंकाळी की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बाहेर आलं!

'अगं बाई गं! सतरा वर्षं गेली की! अगं, नात अठराची झाली! मी आहे का गं जिवंत?'

आतून धाडकन दार उघडलं. हे धावत बाहेर! पण हेडफोन कानावरच, त्याची वायर मागे ताणली गेली, ताणली गेली आणि सटकन तुटल्यासारखी निघाली, आणि साहेबांचा आवाज कानातून निघून अख्ख्या घरात घुमायला लागला, 'हॅलो? काय झालं? कोण जिवंत आहे का? हॅलो?'

ह्यांनी पडद्याकडे बघितलं. पावणेदोन बघितले. साल बघितलं. मला वाटलं आता हा माणूस खाली कोसळणार. आणि हे… हे नाचायलाच लागले हो! दोन्ही हात वर! 'लिहिलंय! लिहिलंय त्याने! कुणी हात लावू नका! श्वाससुद्धा घेऊ नका!' आणि ती तारीख तोंडाने घोकत आत पळाले. सासूबाई म्हणाल्या, 'गेला, पोरगा हातचा गेला.'

आतून टकटक टकटक, आणि मग ओरडले, 'कॅमेरा! साहेब, कॅमेरा! कॅमेऱ्याला झोपवताना पडतोय!' आणि साहेबांचा आवाज, 'कमाल आहे, इतके दिवस काहीच लिहिलं जात नव्हतं ना?' तेवढ्यात हे बाहेर आले. माझ्याकडे बघितलं. हळूच विचारलं, 'हे… पहिल्यांदाच झालं ना?'

मी म्हटलं, 'काय?'

'घड्याळ असं पुढे जाणं.'

आता खोटं बोलायला मला कधी जमलंय? मी म्हटलं, 'नाही. दर वेळी. हेच साल, हीच थंडी, हेच पावणेदोन.'

'दर वेळी? मग मी यायचो तेव्हा…'

'तुम्ही यायच्या आधी मी बरोबर करून ठेवायचे ना.'

अहो, हे खालीच बसले. जमिनीवर नाही, त्या बॅगेवर. आणि मग मला ते अर्धं राहिलेलं वाक्य मिळालं, फोन वाजला होता ना, ते! तर म्हणे, कारभारी झोपवायला निघतो तेव्हा वही झोपलेली, पेन झोपलेलं, पण एक जण कधीच झोपत नाही. घड्याळ! त्याला स्वतःचा वेगळा छोटासा सेल असतो, मशीन बंद पडलं तरी ते आपलं टिकटिक चालूच. म्हणून ह्यांनी कारभाऱ्याला शिकवून ठेवलं होतं, की बाबा, एकेकाला झोपवायच्या आधी त्याचं नाव घड्याळावर खरडून ठेव. नाव म्हणजे अक्षरात नाही, तारखेच्या रूपात. नीट उठलास, तर पुसून खरी वेळ परत लाव; पडलास, तर शेवटचं नाव तिथे राहील. म्हणजे कारभारी बिचारा दर वेळी मरता मरता हात लांबवून त्या घड्याळावर लिहून जायचा, कुणामुळे पडलो ते, आणि मी यायचे आणि फडक्याने पुसल्यासारखं पुसून टाकायचे! आणि हे यायचे, स्वच्छ पाटी बघायचे आणि म्हणायचे, 'काहीच नाही'!

'अगं, पण हात का लावलास?' असं म्हणाले हे. रागावले नाहीत, अगदी रडकुंडीला येऊन म्हणाले. आणि मलाही तिथे राग आला. मी म्हटलं, 'अर्धं वाक्य सांगून उठून जायचं आणि वर मला विचारायचं? चुकलेलं घड्याळ बरोबर केलं! गुन्हा केला का? कोण बरोबर करत नाही? तुमचे साहेब करत नाहीत?' तर आतून साहेबांचा आवाज, 'करतो, करतो. मीही केलं असतं.'

मग माझ्या एकदम डोक्यात आलं. मी ह्यांना विचारलं, 'म्हणजे… ती तारीखच नाही? त्या रात्री ठमीला काही… होणार नाही?' हे म्हणाले, 'अगं, ते कॅमेऱ्याचं नाव आहे.' आणि मला असं रडू फुटलं म्हणून सांगू! हुंदके देऊन! इतके दिवस ती एक रात्र उरावर घेऊन फिरत होते मी, आणि तो निघाला कॅमेरा! ह्यांनी ठमीला माझ्या खांद्यावरून घेतलं, पहिल्यांदाच ती त्यांच्याकडे गेल्यावर रडली नाही, आणि म्हणाले, 'एवढं मनात ठेवून होतीस? सांगायचं नाही का?' मी म्हटलं, 'तुम्ही दार लावून असता.'

तेवढ्यात साहेब आतून, 'पण एक कळलं नाही. कॅमेरा चालू असतानाच झाकण मिटलं तर हे होणार. तिथे कॅमेरा वापरतं कोण? बघू या आपण.'

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि आम्ही दोघांनी एकदम सासूबाईंकडे बघितलं. आई टेबल पुसत होत्या. स्वच्छ टेबल. पुसून पुसून त्याचं पॉलिश जाईल एवढं!

'आई?' हे म्हणाले.

'काय आई? काय आई? मी म्हणते, लेक एवढी समुद्रापलीकडे, फोनवर तिचं तोंड बोराएवढं दिसतं, आणि घरात एवढा मोठा पडदा रिकामा पडलेला! दुपारी ही पोरीला झोपवायला जाते, तेवढ्यात दोन मिनिटं बघत होते लेकीला. गुन्हा केला का?'

'आणि बोलणं झालं की बंद कसं करायचीस?'

'बंद? ते लाल बटण कुठे दडवलंय कुणास ठाऊक! मी आपली म्हणायचे, चल गं, ठेवते. आणि झाकण लावायचे.' आणि करूनही दाखवलं, असं… धाड्!

कळलं का तुम्हाला? ऑफिसात शंभर माणसं शंभर वेळा नीट बंद करून, सगळं आवरून मग झाकण मिटायची. बोलता बोलता तोंडावर दार लावल्यासारखं झाकण लावणारी माणसं असतात लोकांच्या घरी! आमच्या सासूबाईंसारखी! म्हणजे मी माझ्या हाताने मिटलं की मशीन गपगुमान झोपायचं, आणि आईंनी लेकीच्या तोंडावर मिटलं की मरायचं. एक बाई मारत होती, दुसरी पुरावा पुसत होती, आणि बिचारा तपास करणारा मधल्या मधे रोडावत होता. आणि मला रिमोटवरून बोलत होत्या!

तर झालं. रविवारपर्यंत ह्यांनी दुखणं बरं केलं. कॅमेरा चालू असला तरी कारभारी आता आधी त्याचं तोंड बंद करतो, मग झोपवतो. साहेब एवढे खूश की म्हणाले, 'तुम्ही इकडे यायचं काही कारण नाही. उलट असं घर आम्हाला प्रयोगशाळेत मिळणार नाही.' बॅग परत माळ्यावर. ठमीने दोन दिवस बॅगेसाठी रडून घेतलं. आणि सासूबाईंना काय काम मिळालं असेल? रोज लेकीला फोन करायचा, मन भरेपर्यंत बोलायचं आणि झाकण आपटायचं! कंपनीचं काम म्हणून! आता नणंदबाई चुकून दुपारी कामात असल्या तर आई तिला दटावतात, 'अगं, ये लवकर, माझं ऑफिस आहे!' आतल्या खोलीचं दारही आता अर्धं उघडं असतं. म्हणजे आनंदच की नाही सगळा?

आनंदच. फक्त एक झालं. ह्यांनी त्या शुक्रवारी गमतीने एक वाक्य टाकलं, 'आजपासून ह्या घरात कुठल्याही घड्याळाला कुणी हात लावायचा नाही.' गमतीने हो! पण घर ते वाक्य धरून बसलं. माझ्या थेंबांसाठी म्हणून भिंतीवर एक साधं घड्याळ आणलं, तीन काट्यांचं. ते आठ दिवसांत मागे पडायला लागलं. मी आईंना म्हटलं, 'मागे पडलंय का हो?' तर म्हणाल्या, 'असू दे, काहीतरी लिहीत असेल बिचारं. तू पुसू नकोस.' हे जाता-येता बघायचे आणि त्यांना वाटायचं, मी मुद्दाम ठेवलंय. मीही बघायचे आणि हात मागे बांधून उभी राहायचे. आज सकाळी त्याच घड्याळावर बघून मी निवांत ठमीला न्हाऊ घातलं, पावडर लावली, टोपडं बांधलं, आणि दारातून ह्यांना हाक मारली, 'अहो, जाते हं दवाखान्यात, आणि जरा भिंतीवरच्याने काय लिहिलंय ते वाचून ठेवा!' हे बाहेर आले, वर बघितलं आणि म्हणाले, 'अगं, सेल संपलाय! तासापूर्वीच निघायला हवं होतंस!'

म्हणजे आता बघा, बरोबर केलं तेव्हाही मीच चुकले, आणि नाही केलं तेव्हा नंबर गेला! बाईमाणसाने करायचं तरी काय?

…मावशी, एक मिनिट. तुमच्या मनगटावर किती वाजलेत? हो? नक्की? अहो, मग हे दवाखान्यातलं घड्याळ बघा की! अर्धा तास पुढे आहे! म्हणजे मी जेवढी उशिरा आले म्हणतायत तेवढी उशिरा आलेच नाही! अहो ताई! काउंटरवाल्या ताई! तुमचं घड्याळ चुकलंय! काय? 'ते तसंच आहे पहिल्यापासून, एवढं वाटतं तर तिथे स्टूल आहे, चढा आणि करा बरोबर'?

मी?

नको गं बाई. बसते मी शेवटी.